वळणावर नियंत्रण सोडणारी आरसी गाडी: दर वर्षी परतणाऱ्या दोषाचा माग

माझ्याकडे १/१० मापाची, चारही चाकांना जोर देणारी, रिमोटवर चालणारी (आरसी) एक बग्गी आहे. ब्रशलेस मोटार, दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आणि पिस्तुली पकडीचा २.४ गिगाहर्ट्झचा ट्रान्समीटर (हातातला रिमोट) अशी तिची साधी जुळणी आहे. कोल्हापूरच्या पावसाळ्याचे चार महिने ती माळ्यावर असते आणि दसरा झाला की कळंब्याच्या बाजूच्या एका पडीक रानात पुन्हा पळू लागते. सलग तीन वर्षे या पहिल्याच फेरीत एकच दोष समोर आला. गाडी पाच-सात मिनिटे बिनबोभाट पळते, मग वेगात वळताना पुढची चाके आहेत त्या कोनात थिजतात, मोटार बंद पडते, गाडी घरंगळत बांधाला जाऊन आपटते आणि दोन-तीन सेकंदांनी आपणहून पुन्हा ट्रान्समीटरचे ऐकू लागते.

अशी गाडी पाहिली की प्रत्येकाच्या तोंडी पहिला शब्द ‘रेंज’ असतो. माझ्याही तोंडी तोच होता. पहिल्या वर्षी मी नवा रिसीव्हर (गाडीतला, रिमोटचा संदेश पकडणारा भाग) बसवला, दुसऱ्या वर्षी ट्रान्समीटरसह सगळा संच बदलला. दोन्ही वेळा दोष नाहीसा झाला आणि पुढच्या दसऱ्याला परत आला. बदललेला भाग चांगला ठरला, गाडी सुधारली, म्हणजे निदान बरोबरच होते, असे मला दोन वर्षे वाटत राहिले. प्रत्यक्षात सुधारणा होत होती ती भाग बदलताना सगळे प्लग काढून पुन्हा खोचले गेल्यामुळे, हे तिसऱ्या वर्षी कळले.

रेंजचा संशय आणि तो कसा फिटला

संशयाला आधार नव्हता असे नाही. गाडी सुटायची ती रानाच्या पलीकडच्या टोकाला, माझ्यापासून साठ-सत्तर पावलांवर, आणि त्या टोकामागे एक मोबाइल टॉवर सरळ दिसतो. आपल्याकडे ४जीसाठी वापरला जाणारा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा २४०० मेगाहर्ट्झपर्यंत येऊन थांबतो, म्हणजे आपल्या रिमोटच्या पट्ट्याला तो अगदी खेटून आहे. शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी आपल्या देशात २००५ पासून परवानामुक्त असल्याने वायफाय, ब्लूटूथ आणि आपले रिमोट या सगळ्यांची वर्दळ तिथेच असते. परंतु हल्लीचे संच एका जागी बसून राहत नाहीत. ते सेकंदाला अनेकदा वारंवारता बदलत राहतात, त्यामुळे गर्दीने पल्ला कमी होतो, पण साठ पावलांवर, उघड्या रानात, दर वेळी त्याच ठिकाणी गाडी पूर्ण मुकी व्हावी, हे त्या स्पष्टीकरणात नीट बसत नाही.

ही गाठ सोडवली ती शेजारच्या नववीतल्या मुलाने. तो म्हणाला, “काका, तितं गेली की खुळ्यागत करतीया बघा. मी रिमोट घिऊन तितंच उभारतो की.” तो ट्रान्समीटर घेऊन त्या वळणाशेजारी दहा पावलांवर उभा राहिला आणि गाडी त्याच वळणावर, त्याच्या पायाशी, तशीच सुटली. माझ्या टोकाकडे, म्हणजे आता त्याच्यापासून सत्तर पावलांवर, मात्र ती सुरळीत वळत होती. त्या वळणावर पावसात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या उन्हाने वाळून विटेसारख्या टणक झाल्या होत्या. पुढची चाके चाकोरीत अडकत, सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटार) त्यांना वळवायला झगडे आणि त्याच क्षणी मी थ्रॉटल (वेग देणारा ट्रिगर) दाबलेला असे. दोष अंतराशी बांधलेला नसून भाराशी बांधलेला होता.

हा प्रयोग फुकट आहे आणि नवे काहीही विकत घेण्याआधी तो करावा. गाडी जिथे सुटते तिथेच जाऊन उभे राहावे. दोष तुमच्या पायाशीही येत असेल, तर अँटेना आणि टॉवर तूर्त बाजूला ठेवावेत.

गाडी सुटण्याची रीतही बरेच काही सांगते. थ्रॉटल गेला पण स्टिअरिंग शेवटपर्यंत चालू असेल, तर रेडिओ आणि रिसीव्हर दोन्ही ठीक आहेत. ईएससीने, म्हणजे मोटारीचा वेग सांभाळणाऱ्या मंडलाने, बॅटरी उतरल्यामुळे किंवा स्वतः तापल्यामुळे मोटार तोडलेली आहे. दोन्ही एकदम गेले, तर एकतर संदेश तुटला आहे किंवा रिसीव्हरचीच वीज गेली आहे. या दोन्हींतला फरक ओळखायला फेलसेफ, म्हणजे संदेश तुटल्यावर गाडीने काय करावे याची आधीच ठरवलेली सूचना, कामी येते. संदेश तुटल्यावर रिसीव्हर जिवंत असतो आणि ठरवून दिलेली स्थिती पाळतो, वीज गेल्यावर तो काहीच पाळू शकत नाही. म्हणून फेलसेफमध्ये थ्रॉटल न्यूट्रलवर न ठेवता साधारण अर्ध्या ब्रेकवर ठेवावा, चाके उचलून ट्रान्समीटर बंद करून ते खरोखर लागू होते याची खात्री करावी आणि मग गाडी पळवावी. गाडी ब्रेक लागून थांबली, तर संदेश तुटला. माझ्या गाडीसारखी मोकळी घरंगळत गेली, तर बहुतेक वेळा रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू झालेला असतो. दुसरी खूण कानाला कळते. बॅटरी जोडल्यावर ब्रशलेस मोटार जो सुरुवातीचा सूर वाजवते, तोच सूर रानाच्या मधोमध ऐकू आला, तर ईएससीसुद्धा त्या क्षणी बंद होऊन चालू झाली आहे. शेजारच्या त्या मुलाने तो सूर ऐकला होता, मी सत्तर पावलांवरून तीन वर्षे ऐकू शकलो नव्हतो.

रिसीव्हरची वीज मोजणे

या गाड्यांत रिसीव्हर आणि सर्व्हो यांना स्वतंत्र बॅटरी नसते. ईएससीच्या पोटात बीईसी नावाचे छोटे मंडल असते, ते मुख्य बॅटरीचा दाब ५ किंवा ६ व्होल्टपर्यंत उतरवून त्याच तीन तारांच्या प्लगमधून रिसीव्हरला देते आणि रिसीव्हरमधूनच तो सर्व्होला जातो. एका नळावर दोन घरे असावीत तशी ही योजना आहे. सर्व्होने जोराने ओढले की रिसीव्हरच्या वाट्याला कमी येते, आणि दाब साधारण साडेतीन व्होल्टच्या खाली गेला की बहुतेक रिसीव्हर मान टाकतात. दाब सावरला तरी त्यांना पुन्हा सुरू होऊन ट्रान्समीटर शोधायला वेळ लागतो, म्हणून पाव सेकंदाची घसरण आपल्याला दोन-तीन सेकंदांची बेशुद्धी म्हणून दिसते.

मोजण्यासाठी रिसीव्हरचा एखादा रिकामा चॅनेल किंवा बॅटरीची खाच वापरावी. तिथे जुन्या सर्व्होची तार खोचून तिच्या लाल आणि काळ्या टोकांना मल्टिमीटर लावावा. साधा मीटर इतका मंद असतो की तो घसरण पाहतच नाही, म्हणून किमान मूल्य धरून ठेवणारा मीटर वापरावा, आणि तोही खरी घसरण थोडी कमीच दाखवतो हे लक्षात ठेवावे. मोटारीच्या तीन तारा काढून, ट्रान्समीटर चालू करून, मग गाडी चालू करावी. माझ्या गाडीत चाके सरळ असताना ५.९ व्होल्ट होते. पोत्यावर उभी करून टोकापासून टोकापर्यंत चाके फिरवली तेव्हा किमान ४.७ दिसले. शेवटी पुढची चाके दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि मुलाला पूर्ण डावीकडे वळवायला सांगितले. सर्व्हो गुरगुरला, मीटरने ३.६ दाखवले आणि रिसीव्हरचा दिवा एकदा विझून लुकलुकू लागला. पुढे एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या मित्राच्या सीआरओवर (दाबातले क्षणिक बदल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) हीच घसरण पाहिली, तेव्हा तिचा तळ ३.१ व्होल्टपर्यंत गेलेला होता. सर्व्हो असा एक-दोन सेकंदांहून जास्त अडवून धरू नये, जळतो.

मीटर नसेल तर दुसरी कसोटी आहे. ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या प्लगमधली फक्त लाल तारेची पिन सुईने अलगद काढावी, तिच्यावर टेप गुंडाळावी आणि रिसीव्हरला चार निकेल-मेटल हायड्राइड सेलचा स्वतंत्र पॅक द्यावा. काळी तार तशीच राहू द्यावी, कारण संदेशाला समान ऋण टोक लागते. दोन्हीकडची लाल वीज एकाच वेळी जोडू नये. सेल स्प्रिंगच्या डबीत न घालता टोके सोल्डर केलेले घ्यावेत, नाहीतर डबीच्या स्प्रिंगच नवा दोष निर्माण करतात. माझी एक संध्याकाळ त्यात गेली आहे. स्वतंत्र पॅकवर त्याच चाकोरीत गाडी एकदाही सुटली नाही आणि तीन वर्षांचा वाद मिटला.

दाब का पडत होता

इथे एकच गुन्हेगार सापडेल अशी माझी अपेक्षा होती. सापडले चार, आणि एकेकटा असता तर त्यांपैकी कोणीच गाडी पाडू शकला नसता.

पहिला माझ्याच हौसेचा होता. मूळ सर्व्होच्या प्लॅस्टिक दात्या झिजल्यावर मी धातूच्या दात्यांचा ताकदवान सर्व्हो बसवला होता. असा सर्व्हो अडकला की दोन-अडीच अँपिअर सहज ओढतो आणि माझ्या ईएससीची बीईसी होती ६ व्होल्ट, २ अँपिअरची, तीही लिनिअर प्रकारची. लिनिअर बीईसी उरलेला दाब उष्णतेत घालवते. भरलेली दोन सेलची बॅटरी ८.४ व्होल्ट, त्यातून ६ वजा केले तर २.४ व्होल्ट उरतात, आणि २ अँपिअर वाहताना ४.८ वॉट इतकी उष्णता बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात तयार होते. तीन सेलची १२.६ व्होल्टची बॅटरी लावली तर तीच १३ वॉटच्या वर जाते. पहिली पाच-सात मिनिटे गाडी चांगली का पळे, याचे उत्तर यात आहे. त्यानंतर बीईसी तापून हात आखडता घेई. वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दाबला की बॅटरीचा दाब साडेसहापर्यंत खाली येई, आणि लिनिअर बीईसीला स्वतःसाठीही साधारण एक व्होल्ट लागत असल्याने नेमका तेव्हाच तिचा ६ व्होल्टचा वायदा मोडे.

दुसरा पावसाळ्याचा. चार महिन्यांच्या दमटपणाने प्लगच्या पिनांवर पुसट काळपट थर चढला होता. डोळ्यांना तो क्षुल्लक वाटतो, परंतु सांध्यात ०.३ ओहमचा विरोध आला आणि अडीच अँपिअर वाहिले, तर तिथेच पाऊण व्होल्ट जातो. प्लग काढून पुन्हा खोचला की पिना एकमेकींवर घासून थर निघतो. नवा रिसीव्हर ‘लागू पडण्याचे’ रहस्य एवढेच होते.

तिसरा मातीचा. सर्व्होचा हॉर्न (त्याला चाकांच्या दांड्यांशी जोडणारा छोटा हात) काढून पुढची चाके हाताने वळवली तेव्हा ती एका बाजूला अडखळत होती. आपली काळी माती ओली असताना स्टिअरिंगच्या बुशमध्ये शिरते आणि वाळल्यावर सिमेंटसारखी बसते. हॉर्न काढल्यावर चाके बोटाच्या एका टिचकीने टोकापर्यंत गेली पाहिजेत. नसतील जात, तर सर्व्हो रिकाम्या रस्त्यावरही झगडतच असतो. चौथा दोष सेटिंगचा होता. एंड पॉइंट, म्हणजे सर्व्होने कुठवर वळावे याची ट्रान्समीटरवरची मर्यादा, इतका वाढवलेला होता की चाके यांत्रिक मर्यादेला टेकल्यावरही सर्व्हो ढकलत राही आणि सतत गुणगुणे.

दुरुस्ती

क्रम उलटा ठेवला, म्हणजे फुकटचे आधी. स्टिअरिंगचे दोन्ही खांब सोडवून बुश धुतले, कोरडे केले आणि तेल न लावता बसवले, कारण तेलाला धूळ चिकटते. एंड पॉइंट दोन्ही बाजूंना एकेक टक्का कमी करत गेलो आणि टोकाला गुणगुण थांबली तिथे सोडला. सर्व प्लगच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, प्रत्येक प्लग सात-आठ वेळा काढला-घातला. एवढ्यावरच चाके धरून घेतलेले किमान माप ३.६ वरून ४.५ वर आले. गाडी बहुधा त्या हंगामापुरती चालली असती, आणि मी पुन्हा फसलो असतो.

म्हणून बीईसीही बदलली. बॅटरीच्या तारांवरून थेट वीज घेणारी, ५ अँपिअर सोसणारी स्विचिंग बीईसी घेतली, ती ६ व्होल्टवर ठेवली आणि ईएससीची लाल पिन कायमची काढून टेपखाली बांधली. ७.४ व्होल्टची सोय दिसली म्हणून ती वापरण्याचा मोह टाळावा. सर्व्हो आणि रिसीव्हर दोघांच्याही माहितीपत्रकात तो आकडा असेल तरच तो द्यावा.

पुष्कळजण या दोषावर रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत मोठा कपॅसिटर लावायला सांगतात. त्याचा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, २ अँपिअरची तूट, आणि एक व्होल्ट घसरण चालेल असे धरले, तर तो सुमारे २.३ मिलिसेकंद तग धरतो. सर्व्होला मिळणारे स्पंदही दर २० मिलिसेकंदांनी येतात. डिजिटल सर्व्होचे क्षणिक झटके गिळायला तो उपयोगी आहे, पण चाकोरीत अर्धा सेकंद अडकलेल्या चाकापुढे त्याचे काहीच चालत नाही. लावायचाच असेल तर किमान १० व्होल्टचा घ्यावा आणि ऋण-धन टोके दोनदा तपासावीत, उलटा लागलेला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर फुटतो.

वेगळ्या बॅटरीवरही दोष राहिला तर

तेव्हा अँटेनाकडे वळावे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते आणि रिसीव्हरच्या तारेच्या टोकाचा, वरचे जाळीचे आवरण काढलेला, तिच्या पाव भागाइतका म्हणजे ३१ मिलिमीटरचा तुकडाच खरी अँटेना असतो. बाकीची तार केवळ त्याला वर नेते. हा तुकडा तुटला, घासला किंवा कोणी ‘जास्तीची’ तार समजून कापला, तर पल्ला कोसळतो. तो मोटार, बॅटरी आणि कार्बन फायबर यांच्यापासून दूर, उभा ठेवावा. मूळ नळी हरवली असेल तर बॉलपेनची रिकामी, धुतलेली रिफिल छान बसते. ट्रान्समीटरची अँटेना गाडीवर रोखू नये, तिच्या टोकाच्या दिशेने सर्वांत कमी शक्ती जाते. ओले गवत आणि मधे उभी असलेली माणसेही ही लहर शोषतात, म्हणून पल्ल्याची चाचणी कोरड्या जागी, ट्रान्समीटरच्या कमी शक्तीच्या मोडवर, दर हंगामात एकदा तरी करावी.

ब्रश असलेली मोटार असेल, विशेषतः २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या संचावर, तर ठिणग्यांचा गोंगाट हा खरा शत्रू असतो. मोटारीच्या दोन टोकांमध्ये एक आणि प्रत्येक टोक ते कवच असे दोन, एकूण तीन, ‘१०४’ छापलेले ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर केलेले आहेत की एखादा निखळला आहे, ते पाहावे. औद्योगिक वसाहतीच्या कडेला, फौंड्रीची काळी वाळू पसरलेल्या जागेत गाडी पळवणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. त्या वाळूत लोखंडाचा कीस असतो आणि तो मोटारीच्या चुंबकांना आतून मिशीसारखा चिकटतो. मोटार जड फिरते, जास्त वीज ओढते आणि आपण पुन्हा रेडिओला दोष देतो.

ट्रान्समीटरची बाजू

चाके उभ्या जागी थरथरत असतील तर मात्र दोष हातातल्या डब्यात असण्याची शक्यता मोठी. ट्रान्समीटरच्या पडद्यावर सर्व्होची पट्टी दाखवणारे पान उघडावे. हात न लावता पट्टी हलत असेल, तर स्टिअरिंग चाकाच्या किंवा ट्रिगरच्या आतला पोटेन्शिओमीटर (ते किती वळले हे मोजणारा भाग) मळला आहे. माझ्या पट्टीचे थरथरणे उघडून पाहिले तेव्हा ट्रिगरच्या फटीतून आत गेलेली लाल पूड पोटेन्शिओमीटरपर्यंत पोचलेली होती. खंडेनवमीला घरातल्या पाने-पक्कडीबरोबर ट्रान्समीटरही पाटावर असतो, आणि त्यावर हळद-कुंकू सढळ हाताने पडते. मऊ ब्रश आणि थोडे कॉन्टॅक्ट क्लीनर यांनी ते निघाले. सफाईनंतर ट्रिम (मधल्या स्थितीची बारीक जुळवणी) शून्यावर आणून ईएससीचे कॅलिब्रेशन, म्हणजे न्यूट्रल, पूर्ण थ्रॉटल आणि पूर्ण ब्रेक, पुन्हा करून घ्यावे, नाहीतर गाडी उभ्या जागी हळूहळू सरकते. बाइंडिंग (ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी लावणे) पुन्हा केले असेल तर फेलसेफही नव्याने बसवावे, जुने राहिलेच असेल असे समजू नये.

माळ्यावर ठेवण्याआधी आता मी लायपो प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून गाडीबाहेर काढतो, ट्रान्समीटरचे पेन्सिल सेल काढतो आणि रिसीव्हरच्या डबीत सिलिका जेलची एक पुडी टाकतो. ऑगस्टमध्ये एखाद्या उघडीपीच्या दिवशी प्लग एकदा काढून-घालून ठेवतो. मागच्या दसऱ्यानंतर त्याच चाकोरीच्या वळणावर, किमान मूल्य धरणारा मीटर गाडीवरच टेपने बांधून, दहा फेऱ्या मारल्या. सर्वांत कमी आकडा ५.६ व्होल्ट होता. आणि त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, ट्रान्समीटर पाटावर ठेवला तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. आईने नाराजीने पाहिले, पण कुंकू पिशवीवरच लावले.